आंब्याखालची ठिपक्यांची पाटी

मनीषनगरातल्या आमच्या कॉलनीच्या बागेत झाडांना पाट्या लावायचं ठरलं, तेव्हा पहिलं भांडण मी केलं. बागेचे सचिव बंगळूरला मुलाकडे महिनाभर राहून आले होते. तिथल्या कुठल्याशा बागेत प्रत्येक झाडापाशी ठिपक्यांचा चौकोन लावलेला होता. त्यावर मोबाइल धरला की त्या झाडाची सगळी माहिती फोनवर उघडायची. हे पाहून ते भारावून गेले होते. आपल्याकडेही क्यूआर कोड लागलेच पाहिजेत, म्हणाले. इथवर ठीक होतं. मग त्यांनी पिशवीतून खिळ्यांचा पुडा काढला आणि माझं डोकं फिरलं. बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईसमोर झाडाच्या सालीत खिळे ठोकायची भाषा! मी सभेत इतकी बोलले, की पाट्या झाडापुढे लोखंडी गजावर बसवायच्या असं ठरलं. आणि इतकी बोलले म्हणून सगळ्या झाडांची माहिती लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

खोटं कशाला बोलू, काम मला आवडलं. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं. आता निदान कडुनिंबाचं शास्त्रीय नाव तरी विचारलं जाणार होतं. प्रत्येक झाडाचं एक पान तयार करायचं: नाव, कूळ, मोहोर कधी, फळ कधी, उपयोग काय. शेवटी ‘ऐका’ असं एक बटण. ज्यांना वाचवत नाही त्यांच्यासाठी तीच माहिती माझ्या आवाजात.

पण आमच्या बागेतली एक गोष्ट बंगळूरच्या बागेत नसावी. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की तेरवीनंतर, पावसाळा बघून, त्याच्या नावानं एक रोप बागेत आणून द्यायची पद्धत पडली आहे. बौद्ध घरं पुण्यानुमोदन झालं की पिंपळाचं रोप आणतात. रोप आणायचं, माळीभाऊंच्या हातात द्यायचं, ते खड्डा दाखवतील तिथं दोन मुठी माती टाकायची आणि घरी जायचं. कोणाचं झाड कुठलं, याची नोंद कुठंही नाही. ती फक्त माळीभाऊंच्या डोक्यात. आणि माळीभाऊ होळीनंतर कायमचे गावी जाणार होते. कळमेश्वरच्या पुढं त्यांचं गाव, तिथं मुलगा थोडीशी शेती करतो. माळीभाऊंच्या डोळ्यांत पडदा आला होता, एका डोळ्याचं ऑपरेशन होऊनही फारसा उपयोग झाला नव्हता. पानं त्यांना बोटांनी चाचपून ओळखावी लागत होती.

म्हणून मार्गशीर्ष-पौषात मी रोज सकाळी वही घेऊन त्यांच्यामागं हिंडले. ते झाडाला हात लावायचे आणि सांगायचे, हे कोपऱ्यावरच्या टपालवाल्यांचं, हा बहावा त्या शिवणकामवाल्या बाईचा, तिचा जावई पुढच्या वर्षीही आला होता पाणी घालाले. एकदाही अडखळले नाहीत. पाट्या बसल्यावर रोज सकाळी ते ओल्या फडक्यानं पाखरांची घाण पुसून काढायचे. त्या चौकोनाला ते ‘ठिपक्यांची पाटी’ म्हणायचे. माझ्या फोनवरचं ‘ऐका’ दाबून माझा आवाज ऐकायचा त्यांना नादच लागला. "बाई, तुम्ही फोनात लय शांत बोलता," असं एकदा म्हणाले. मी काय समजायचं ते समजले.

आता माझ्या झाडाचं सांगते.

आमच्या यांना आंबा चोखून खायची सवय होती, आणि कोय टाकवायची नाही. गॅलरीतल्या तुळशीच्या शेजारच्या कुंडीत यांनी एक कोय खुपसली. मी ओरडले, कारण त्या कुंडीत माझा पुदिना होता. पुदिना गेला आणि आंबा आला. तांबूस, लोंबती, कोवळी पानं. हे रोज चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभे राहायचे. दीड फुटाचा झाला तेव्हा हे गेले. थंडीचे दिवस होते. पुढच्या पावसाळ्यात मी ती कुंडी रिक्षातून बागेत नेली आणि माळीभाऊंनी उत्तरेकडच्या बाकापाशी रोप लावलं. या गोष्टीला सहावं वर्ष आहे.

पहिल्या वर्षी मी त्या रोपापायी माळीभाऊंचा जीव नकोसा केला. पाणी कमी झालं, पाणी जास्त झालं, आळं नीट नाही, वाळवी बघा. पुढच्या जूनमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जावं लागलं. अडीच महिन्यांनी परतले तर रोप बुटकं, पण तजेलदार, नव्या पानांचं. "शेंडा वाळला होता, छाटला," माळीभाऊ म्हणाले. मी त्यांना दोन शब्द सुनावले आणि मग पानांवरून हात फिरवत बसले.

चौथ्या वर्षी त्याला मोहोर आला.

त्या वेळी माझी अवस्था बघण्यासारखी होती. कॉलनीत दिसेल त्याला थांबवून सांगत होते. यांच्या हातचा आंबा, चौथ्या वर्षी मोहोर! बारीक, केशाळ, पिकल्यावर देठाशी लाल होणारे अकरा आंबे हाती लागले. मी ते घरोघरी वाटले. एक माळीभाऊंनाही दिला, वर छोटंसं भाषणही दिलं: साहेबांच्या हातचा आहे, नीट खा. ते झाडाखालीच उकिडवे बसले. आधी आंबा नाकाशी धरला, बराच वेळ. मग सावकाश चोखला, सालीसकट. कोय पांढरी होईपर्यंत चोखली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. डोळे भरून आले होते त्यांचे. मला वाटलं, काय हा माणूस, यांच्यावर किती जीव! ही गोष्टही मी कॉलनीभर सांगितली. पुढच्या वर्षी आंबे जास्त लागले. तेव्हाही त्यांना एकच दिला.

तर अशा झाडाचं पान मी अर्थातच सगळ्यांत जास्त मन लावून लिहिलं. ‘हा आंबा कोयीपासून वाढलेला असून चौथ्या वर्षीच फळाला आला. लावणाऱ्याच्या हाताचा गुण.’ ‘ऐका’मध्ये हे वाक्य बोलताना माझा आवाज जरा कापला, तो मी तसाच ठेवला.

माघातली दुपार होती. झाड मोहोरानं भरलेलं, मी बाकावर. पाठीला पिशव्या अडकवलेल्या दोन मुली आल्या, कृषी महाविद्यालयातल्या असाव्यात, कारण झाडांची नावं पाटी न बघताच सांगत होत्या. त्यांतल्या एकीनं आंब्याच्या पाटीवर फोन धरला आणि खुदकन हसली.

"ऐक ना वं. कोयीचा आंबा म्हणे, अन् चौथ्या वर्षी फळ!"

दुसरी वाकली. "काहीपण! हे पाह्य ना, इथं गेरूखाली कलमाचा जोड दिसून राहिला."

"लिहिणाऱ्या मॅडमनं झाडाकडे पाह्यलं तरी असंल का?"

लिहिणारी मॅडम दोन हातांवर बसली होती. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. मुली गुलमोहराकडे गेल्या. त्यांचा काही दोष नव्हता, माझ्या वर्गात असत्या तर मी त्यांची पाठ थोपटली असती. कोयीपासून वाढलेला आंबा सात-आठ वर्षांशिवाय फळ देत नाही. चार वर्षांत देतं ते कलम, कारण त्यावर जुन्या, फळत्या झाडाची काडी बसवलेली असते. अकरावीच्या पोरांना मी हे बत्तीस वर्षं शिकवलं. आणि माझं स्वतःचं झाड चौथ्या वर्षी मोहोरलं, तेव्हा मला शंका आली नाही. शंका आली नाही हेही खरं नाही. आली होती, मी तिला घरात घेतली नाही.

मी पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं आणि बुंध्याशी बसले. आमच्या बागेत दिवाळीला सगळ्या झाडांना गुडघ्यापर्यंत गेरू लावतात. या झाडाचा गेरू नेहमी जाड असायचा, मला तो माळीभाऊंचा जिव्हाळा वाटायचा. घासत गेले. वीतभर उंचीवर बुंध्याला गाठ होती. खाली एक साल, वर दुसरी साल.

मला फार राग आला. त्याखाली रडू होतं, पण वर राग होता. माळीभाऊ पलीकडे पाइपानं पाणी देत होते. मी तिथूनच ओरडले.

"हे झाड कोणाचं आहे, माळीभाऊ?"

"साहेबांचं."

"इकडं या, अन् इथं हात लावून सांगा."

त्यांनी पाइप बंद केला. आले, बसले, बुंध्यावरून हात फिरवला. गेरू गेल्याचं बोटांना कळलं.

"पाह्यलं तुम्ही," ते म्हणाले. "बाई, तुम्ही पुण्याले गेल्या ना, त्या दिवशी जाताजाता याले पाणी घालाले आल्या होत्या. बाहेर ऑटो उभा होता, भोंगा वाजवून राहिला होता. तुमच्या हातून फाटक लोटायचं राहून गेलं. संध्याकाळी मी आलो तं आत गाय. बाकी कशाले तोंड नाही लावलं तिनं. नेमका हा खाल्ला. वीतभर खुंट राहिला."

त्या ऑटोवाल्याचा भोंगा मला ऐकू आला. स्टेशन, सामान, पाण्याची बादली. फाटक लोटल्याचं काही केल्या आठवेना.

"वीस दिवस वाट पाह्यली," ते सांगत होते. "फूट नाही. ऊन असं, का विचारू नका. मले भेव वाटलं. म्हटलं, बाई येतील अन् काय पाहतील? साहेब गेले, आता झाडबी गेलं, अन् तेबी बाईंच्याच हातून? मग आषाढात गावाले गेलो. आमच्या वावरात, बांधावर, बापानं लावलेला आंबा होता. त्याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली अन् खुंटावर कलम बांधलं. तुम्ही आल्या तं पानं फुटली होती." त्यांनी जमिनीला हात लावला. "खाली साहेबांचंच हाय, बाई. वर आमच्या वावरातलं. मूळ साहेबांचंच हाय."

"अन् मले सांगितलं काहून नाही? पाच वर्षं तुम्ही मले फसवून राहिले!"

हे मी म्हटलं. ते मोठ्यानं म्हटलं, आणि जॉगिंग ट्रॅकवरची दोन माणसं थांबून बघायला लागली. माळीभाऊ उठले, पाइप उचलला, आणि नळ सुरू करायला विसरून तसेच वाफ्याकडे तोंड करून उभे राहिले.

चार दिवस मी बागेत गेले नाही. घरात चिडचिड केली. आधी त्यांच्यावर, मग गायीवर, मग त्या दोन मुलींवर, मग सचिवांच्या बंगळूरवर. ती पाटी नसती तर मी काही लिहिलं नसतं, लिहिलं नसतं तर कोणी वाचलं नसतं, आणि माझा आंबा माझा राहिला असता. तिसऱ्या दिवशी चिडायला कोणी उरलं नाही, तेव्हा फाटक आठवलं. ते मीच उघडं टाकलं होतं, आणि एक माणूस ते माझ्यावतीनं पाच वर्षं लोटून उभा होता. मी त्याला पाण्यावरून बोलले, वाळवीवरून बोलले, आणि त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

पाचव्या दिवशी गेले. माळीभाऊ आंब्याखालची पाटी पुसत होते. मी बाकावर बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "वावरातल्या तुमच्या आंब्याला यंदा मोहोर कसा आहे?"

"तो कुठं हाय आता, बाई," ते म्हणाले. "रस्ता मोठा केला ना. बांध रस्त्यात गेला. आंबाबी गेला. तीन वर्षं झाली."

मी हिशेब केला तसा तो माझ्या छातीत उतरला. तीन वर्षं. म्हणजे पहिले अकरा आंबे लागले, त्याच्या आदल्या वर्षी. नाकाशी धरलेला आंबा, पांढरी होईपर्यंत चोखलेली कोय, भरून आलेले डोळे. त्यांच्या बापाच्या झाडाची चव जगात फक्त या एका ठिकाणी उरली होती, आणि मी त्यांना त्यातला एक आंबा दिला होता, भाषण करून. दुसऱ्या वर्षी पुन्हा एकच. बाकीचे ज्यांच्या घरी फ्रिजमध्ये आंबे असतात त्यांना वाटले होते.

मी तिथंच रडले. दिवसाउजेडी, जॉगिंग ट्रॅकसमोर. माळीभाऊ फडकं पिळत उभे राहिले.

"चूक झाली माझी," मी म्हटलं. "लय मोठी चूक झाली."

"तुमची कायची चूक, बाई. गाय होती ती."

त्याच दिवशी मी आंब्याचं पान पुसून टाकलं. हाताचा गुणबिण सगळं काढलं. मग फोन माळीभाऊंच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, या झाडाची माहिती तुम्ही सांगायची. ते आधी लाजले, टोपी नीट केली, घसा खाकरला, आणि मग मला सांगितलं होतं तेच सगळं एका दमात सांगून गेले: खुंट, आषाढ, ओलं फडकं, वावर. गाय सांगितली. फाटक सांगितलं नाही.

"फाटकाचं राहिलं," मी म्हटलं.

"ते नका टाकू. लोक वाचतात आता."

"वाचतात म्हणूनच," मी म्हटलं, आणि त्यांच्या बोलण्याच्या शेवटी माझ्या आवाजात एवढंच जोडलं, की त्या दिवशी बागेचं फाटक मी उघडं सोडलं होतं. सचिवांनी ऐकून विचारलं, हे कशाला? मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

होळी झाली आणि माळीभाऊ गेले. जाताना प्रत्येक पाटी पुसून गेले.

वैशाखात आंबे उतरवले. या वेळी कॉलनीत कोणालाही एकही दिला नाही, आणि त्यावरून चार तोंडं वाकडी झाली ती झालीच. सगळे आंबे दोन पिशव्यांत भरले, एसटीनं कळमेश्वरपर्यंत गेले आणि पुढं ऑटोनं त्यांचं गाव गाठलं. माळीभाऊ ओट्यावर बसले होते. मी न बोलता पिशवीचं तोंड त्यांच्यासमोर उघडलं. वासावरून त्यांनी ओळखलं, आंब्याला आणि मला, दोघांना.

"इतके?" ते म्हणाले.

"सगळे."

त्यांनी एक उचलला, नाकाशी धरला. खाल्ला मात्र नाही. "चला, वावरात चला आधी," म्हणाले आणि काठी घेऊन निघाले. ऊन माथ्यावर होतं. रस्त्याच्या कडेला उरलेल्या बांधावर, काट्यांच्या कुंपणात, मांडीएवढ्या उंचीचं आंब्याचं रोप उभं होतं. तांबूस, लोंबती, कोवळी पानं.

"खिशात घातली होती ना, तीच कोय," माळीभाऊ म्हणाले. "पह्यल्या आंब्याची." ते वाकले आणि चाचपून त्यांनी शेंडा शोधला. "बाई, याले बी लावाल का एक तसली पाटी?"

"इथं वावरात कोण येणार वाचाले?"

"कोणी नाही आलं तं मी ऐकीन."

"बरं. काय लिहू?"

त्यांना विचार करावा लागला नाही. "लिहा ना. साहेबांच्या आंब्याची कोय."

कलमी झाडाच्या कोयीत खालच्या मुळांचं काही उतरत नाही. येतं ते वरच्या फांदीचं. हे मी बत्तीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे. ते रोप त्यांच्या बापाच्या आंब्याचं होतं, आमच्या यांचं त्यात काही नव्हतं, आणि हे त्या कलम बांधणाऱ्या माणसाला माझ्याइतकंच ठाऊक असणार. मी पर्समधून वही काढली आणि ते म्हणाले तसंच लिहून घेतलं.